इंदूचा कान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक खड्डा. शनिवार होता. आम्ही राहतो त्या परदेशातल्या डँडेनॉन्ग गावाच्या पलीकडे, डोंगराकडे जाणारी जंगलातली एक जुनी वाट आहे. पूर्वी त्या वाटेनं बैलगाड्यांतून लाकूड खाली यायचं. आमच्या महेशनं, म्हणजे मुलानं, आम्हाला गाडीनं तिथं सोडलं आणि तो कामाला गेला. इंदू पुढे, कानाला हेडफोन, हातात मेटल डिटेक्टरचा दांडा. मी कुदळ घेऊन मागे. एका बुंध्यापाशी ती थांबली.

"खणा."

"कोल्ड्रिंकच्या डब्याची कडीच असणार गं."

"असू दे. खणा."

खणलं. वीतभर खाली सोन्याचं नाणं निघालं. करंगळीच्या पेराएवढं, त्यावर राणीचं तरुणपणचं तोंड. तांबं हिरवं पडतं, पितळ काळं पडतं. सोनं पुरलं तसं निघतं. सगळा जन्म धातूत गेलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. मी मूठ मिटली.

"कडी आहे," म्हणालो.

"बरं. पिशवीत टाका. कुणाच्या पायात जाईल."

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणी भला माणूस आहे असं कुणाला वाटायला नको.

मी सातवी नापास. भोसरीत तीस वर्षं पॉवर प्रेसवर होतो. दोन बोटं आणि दोन्ही कान तिथंच ठेवून आलो; समोर उभं राहून मोठ्यानं बोललं तरच ऐकू येतं. म्हणून शेजारच्या रॉन म्हाताऱ्यानं वृद्धाश्रमात जाताना त्याचं मशीन मला दिलं, तेव्हा हेडफोन लावून मी नुसताच उभा. मशीन ओरडत होतं, मला पत्ता नाही. इंदू हसून हसून ओट्याला टेकली. मग हात पुसले आणि हेडफोन माझ्या डोक्यावरून ओढून काढला. "आणा इकडे. चाळीस वर्षं तुमचं ऐकलं, आता याचं ऐकते. हे तरी कधीकधी खरं बोलेल."

पंधरा दिवसांत तिला सगळे आवाज पाठ. लोखंड डुकरासारखं गुरगुरतं. पेनी, म्हणजे इथलं जुनं तांब्याचं नाणं, उंच वाजते. आणि दोन्हींच्या मधे वाजते ती कोल्ड्रिंकच्या डब्याची ओढून काढायची कडी. पण रॉननं जाताना एक सांगून ठेवलं होतं, की सोनंही नेमकं त्याच आवाजात वाजतं. मशीनला फरक कळत नाही. म्हणून बाकीचे लोक कडीचा आवाज आला की पुढे जातात. इंदू गेली नाही. त्या वाटेवरच्या सगळ्या कड्या तिनं मला खणायला लावल्या. गुडघे धरून बसलो की म्हणायची, "हात तुमचे, कान माझा. देवानं बरोबर वाटणी केलीय. आता मातीची चव घेत बसू नका."

जिभेनं ती अशी होती. दया नाही. त्या वर्षांत डँडेनॉन्गमध्ये विद्यार्थ्यांचा पूर आला होता. आमच्या घरातच दोन खोल्यांत पाच पोरं राहायची, आणि इंदू त्यांचे आणि आणखी कितीतरी पोरांचे डबे करायची. त्यातली निम्मी इथं कुकरीचा कोर्स शिकायला आलेली. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. कोर्स केला की इथं राहायला मिळायचं. पण इंदूला ते पचायचं नाही. जसप्रीत नावाचा उंच पोरगा डबा घ्यायला आला की ती दारातच अडवायची. "आइए शेफसाहब! फीस उधर भरते हो, खाना मेरे हाथ का खाते हो? परीक्षा में मैं ही बैठूँ क्या?" पोरगा लाजेनं मान खाली घालायचा. डब्यात मात्र त्याला एक पोळी जास्त असायची. ते कुणी बोलून दाखवलं तर तिला राग यायचा.

नाणं सापडलं की ते घरात आणायचं नाही, हा तिचा कायदा. मागच्या अंगणात नळाखाली, मिठाच्या पाण्यात एक रात्र. "कुणी उतरून टाकलेलं असेल," म्हणायची.

मी म्हणालो, "गोऱ्यांना उतारा माहीत असतो का?"

"दुखणं माहीत असतं ना? मग."

आता मुद्द्याचं. तिला परत जायचं होतं. भोसरीला आमची दीड खोली होती. मेसच्या पोळ्या लाटून तिनं ती घेतली, तिच्याच नावावर. इथं येताना तिनं सांगितलं होतं, दोन वर्षं, मग मी माझ्या घरी. दोनाची पाच झाली. मी म्हणायचो दिवाळीनंतर, सुनेचं बाळंतपण झाल्यावर, थंडी सरल्यावर. जून आला की ती म्हणायची, "मागच्या खिडकीतून पाणी येत असेल हो. जाऊन सिमेंट भरून घ्यायला पाहिजे." एकदा फारच मागे लागली तेव्हा मी वैतागून म्हणालो, "त्या मशीनमधून सोनं काढ, त्या दिवशी तिकीट काढतो."

मी थट्टा केली. ती थट्टा मानणारी बाई नव्हती. "शब्द दिलात," म्हणाली आणि दुसऱ्या शनिवारी माझ्या आधी बूट घालून दारात उभी. म्हणून त्या सगळ्या कड्या.

मी तिकीट काढू शकत नव्हतो, कारण खोली नव्हतीच. इथलं घर घेताना महेशला पैसे कमी पडले, तेव्हा आम्ही बाप-लेकांनी ती विकली. तिची सही लागत होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, व्हिसाचा आहे. तिनं चष्मासुद्धा शोधला नाही. पोळी लाटता लाटता सही केली, आणि कागदाला पीठ लागलं म्हणून ते पदरानं पुसून दिलं. तिऱ्हाईत माणसं तिच्या घरात राहत होती, आणि ती इथं बसून खिडकीची काळजी करत होती. मी ऐकून घ्यायचो. बहिऱ्याला ते सोपं असतं.

त्या शनिवारी नाणं माझ्या खिशात तसंच घरी आलं. मिठाच्या पाण्यात न पडता उंबरा ओलांडलेलं ते पहिलंच. मी असलं मानत नाही. मानत नाही, तरी लिहितोय.

घरी आल्यावर तिनं परात घेतली. डब्यांची वेळ होत आली होती. मी टीव्हीपुढे बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी जसप्रीत माझा खांदा गदागदा हलवत होता. त्याचं तोंड उघडं, डोळे मोठे. आत गेलो तर ती फ्रीजला टेकून खाली बसलेली, हात कोपरापर्यंत कणकेत. नंतर हॉस्पिटलच्या बाकावर त्या पोरानं माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "अंकल, आंटी ने दो बार आपको आवाज़ दी थी. 'अहो, अहो' बोला. मैं सीढ़ी पर था." आपण पुण्याचं काम करतोय असं वाटून सांगत होता बिचारा. दिवेलागणीला डॉक्टरनं महेशला बाजूला नेलं. महेशचे खांदे पाहिले, मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला तिच्यापाशी बसू दिलं. थंड खोली, एक खुर्ची. कणीक कुणीतरी नीट धुतली होती, फक्त एका नखात राहिली होती. महेश म्हणाला, "बाबा, आईला पुण्याला न्यायचं का? पेपरवर्क आहे, पण होतं. मी विचारलंय."

"कुणाच्या दारात ठेवणार?"

तो म्हणाला, "मामाच्या?"

"तिचं स्वतःचं दार होतं. भावाच्या दारातून कशाला निघेल ती?"

तो रडायला लागला. मी त्याला बाहेर पाठवलं. खुर्ची तिच्या उशाशी ओढली आणि सगळं सांगितलं. व्हिसाचा कागद कुठला ते सांगितलं. खोलीत आता कोण राहतं ते सांगितलं. काल कडी नव्हती, हेही. उत्तर न देता राहिलेली ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. थोडा वेळ वाट पाहिली.

मग उठलो, दार उघडलं, आणि महेशला म्हणालो, "इथंच उरकून टाक."