शर्यतीला नेलेली वाकळ

कोल्हापूरच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा माझ्या हातात रिझर्व्हेशनचं तिकीट होतं. सीटचा नंबर त्यावर ठळक छापलेला. तरीही माझे वडील, आबा, गाडी थांबायच्या आत तिच्याबरोबर पळत गेले आणि खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत टाकून माझी जागा धरून आले. "आबा, जागा आपलीच आहे हो," मी म्हणाले. "आसू दे की. नंबर कुणाला दिसतोय? टावेल दिसतोय," आबा म्हणाले, आणि मिशीतल्या मिशीत हसले. आईने खिडकीतून भडंगाची पिशवी वर दिली. पंचगंगेचा पूल मागे पडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की टॉवेल माझ्याखालीच राहिला आहे. तो मुंबईला आला, विमानात बसला, आणि इतकी वर्षं इथे मेलबर्नला माझ्या कपाटात होता. आबा मात्र आता नाहीत.

हे मी तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे. पेठ वडगावात जे राहिलात त्यांच्यासाठी, आणि पुणे, मस्कत, कुठे कुठे उठून गेलात त्या सगळ्या चुलतभावंडांसाठी. तुम्हाला ती शर्यत आठवत असणार. न आठवून कसं चालेल?

आबा दुधाचा टेम्पो चालवायचे. वर्षाचे सगळे दिवस त्यात दुधाचे कॅन, पण हिवाळ्यातला एक रविवार तो टेम्पो आमचा असायचा. कोल्हापूरच्या बाहेर माळावर मोटरसायकलींच्या शर्यती भरायच्या. कुठून कुठून रायडर यायचे, ज्यांची नावं आम्हाला धड उच्चारताही यायची नाहीत. आबा टेम्पो धुवायचे, तरी दुधाचा आंबूस वास काही जायचा नाही. आम्ही सगळी पोरं त्या वासात दाटीवाटीने उभी राहून जायचो. वाटेत उसाचे मळे, गुऱ्हाळांचा गोड धूर, आणि माळ जवळ आला की अजून न दिसणाऱ्या गाड्यांचा आवाज. आधी तो आवाज पोटात यायचा, मग कानात.

पोचल्याबरोबर आई बांधावर वाकळ अंथरायची. जुन्या लुगड्यांची, आबांच्या धोतरांची, आमच्या शाळेच्या स्कर्टची, तिने स्वतः शिवलेली ही थोरली गोधडी. मधोमध लाल लुगड्याचा मोठा तुकडा. चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवायचे आणि मध्ये आईने मांडी घालायची. मग कुणी जवळ आलं की, "येत्यात की पावणं! जरा तिकडं सरकून बसा." हे येणारे पाहुणे म्हणजे थोरले काका, कुरुंदवाडची आत्या, शेजारचे. त्यातले निम्मे कधी यायचेच नाहीत, पण त्यांची जागा धरलेली असायची. दुपारपर्यंत ते आले नाहीत की आई कुठल्यातरी लेकुरवाळीला हाक मारून तिथे बसवायची, आणि संध्याकाळपर्यंत ती बाई आमची नातेवाईक झालेली असायची.

बाकी आम्ही वाकळीवर टिकत होतो कुठे? जिथे मोटरसायकली उड्या मारतात त्या वळणावर पळायचो, गारीगार आणायला पळायचो, तांबड्या धुळीने माखून परत यायचो. आबा तर दोऱ्यांपाशी उभे राहून "आरं मार की गिअर!" म्हणून परक्या रायडरला ओरडायचे. त्यांचा एकच नियम होता. पहिला कोण आला याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नाही; "शेवटचा गडी आल्याबिगर वाकळ उचलायची न्हाय." सगळा माळ रिकामा व्हायचा, आणि कुणी एक रायडर गाडी ढकलत यायचा, त्याला टाळ्या वाजवून आम्ही उठायचो. आई त्या सबंध दिवसात एकदाही उठलेली मला आठवत नाही. तिला शर्यत आवडत नाही, असं मी धरून चालले होते.

आबा गेल्यावर आई वडगावात एकटी राहिली. म्हशी विकल्या. दादा पुण्याहून म्हणायचा, घराला कुलूप लावूया आता. मी इथून रोज फोन करायची. "काय करतेस आई?" "काय करणार? बसलोय की." आमच्याकडे बायकासुद्धा 'आलो, गेलो, बसलो'च म्हणतात. माझा नवरा समीर नाशिकचा, त्याला याचं अजून हसू येतं. मला मात्र त्या 'बसलोय'चं हसू यायचं नाही. रिकामी ओसरी, भिंतीवर आबांचा फोटो, आणि खाली बसलेली ती. हेच चित्र मी ऑफिसात, ट्राममध्ये, स्वयंपाक करताना घेऊन फिरत होते.

म्हणून तिला इथे बोलावलं. सहा महिन्यांसाठी म्हणून बोलावलं, पण माझ्या मनात कायमचं होतं. माझी मुलगी इरा आजीला चिकटून झोपायची. आई मागच्या अंगणात मेथी लावून बसली होती. मी रोज विचारायची, "आई, राहशील ना इथेच?" आणि ती म्हणायची, "बघू की." व्हिसाचे कागद करायचे तर दिवस थोडेच उरले होते. तिकडे दादाही थांबला होता. नवं कुलूप आणून ठेवलं होतं; आईचं हो आलं की तो वडगावला जाऊन ते लावणार होता.

इथे शहराच्या मधोमध एक तळं आहे. वर्षातून एकदा त्याच्याभोवतीचे रस्ते बंद करतात आणि जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारी त्यावरून पळतात. इतकी वर्षं मी ट्राममधून ते तळं बघत होते, पण शर्यतीला कधी गेले नव्हते. आबांशिवाय जावंसंच वाटलं नाही. यंदा चार तिकिटं काढली. खुर्च्यांची नव्हे, गवताच्या उतारावर बसायची. ठरवलं, त्या दिवशी आईचं हो घ्यायचंच.

निघताना बघते तर आईने बॅगेतून वाकळ काढलेली. वजनाच्या भीतीने मी तिला फोनवर दहादा बजावलं होतं, काही आणू नकोस, इथे सगळं मिळतं. तिने वाकळ खाली घातली होती आणि वर मला दाखवायला पापड. आता ती वाकळ खांद्यावर टाकून समीर ट्राममध्ये चढला, आणि लोक त्याच्याकडे बघू लागले.

"रंकाळाच की ह्यो!" तळं बघून आई म्हणाली. फक्त रंकाळ्यात काळे हंस नाहीत. इथे ते मान वाकवून शांतपणे पोहत होते, आणि पलीकडे कुठेतरी इंजिनं तापत होती. तो आवाज आधी पोटात आला. मी डोळे मिटले. क्षणभर निलगिरीच्या वासात मला दुधाचा आंबूस वास आला, खरंच आला.

आईने उतारावर वाकळ अंथरली. धोंडे नव्हते, तेव्हा चार कोपऱ्यांवर आमचे बूट आणि पाण्याची बाटली. बाकीचे लोक छोट्या छोट्या चटयांवर, आणि आमचं हे मैदान. "आई, आपण चौघंच आहोत गं," मी घडी घालू लागले. "आसू दे. येत्यात की." "कोण येतंय इथे?" तिने माझ्या हातातली घडी पुन्हा उलगडली. एक म्हातारे गोरे गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन आले आणि इथे कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. आईने हात हलवून सांगितलं, "पावणं येत्यात." समीरने मान खाली घातली. इराने मात्र भाषांतर करून टाकलं, की आमचे बरेच नातेवाईक यायचे आहेत.

मोटारी सुरू झाल्या. कानावर मोठमोठे हेडफोन चढवून, त्यावरून पदर घेऊन आई बसली होती. मोटार दिसते न दिसते तोच गेलेली असायची. "गेली की!" प्रत्येक मोटारीला ती म्हणायची, आणि पुढची गेली की पुन्हा, "ही बी गेली!" मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "आई, राहशील ना?" तिला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल.

इराला कोपऱ्यावरचं वळण जवळून बघायचं होतं. समीर तिला घेऊन उठला. का कुणास ठाऊक, मी आईला म्हणाले, "तूही जा. मी बसते इथे." ती दचकल्यासारखी झाली. "आन् वाकळ?" "मी आहे ना." ती उठली, दोनदा मागे वळून बघितलं, आणि नातीचं बोट धरून गर्दीत गेली. आईने शर्यतीत वाकळ सोडलेली मी पहिल्यांदा बघत होते.

मग मी एकटी. चारी बाजूंनी लोक दाटत चालले, आणि माझ्याभोवती एवढी मोठी मोकळी वाकळ. बसलेल्या माणसाला शर्यत दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. पुढे उभ्या असलेल्यांच्या पाठी दिसतात फक्त. उठावंसं वाटलं, पण उठले असते तर जागा गेली असती. कानावर हेडफोन, वर मार्चचं मऊ ऊन, आणि आवाज गोल गोल फिरून येतोय. माझे डोळे जड झाले. मी लाल तुकड्यावर हात ठेवून बसले होते, आणि ते एकेक करून आले. धुळीने माखलेला दादा आला. तुम्ही सगळे आलात, कुणाच्या कोपरावरून गारीगारचा नारिंगी ओघळ वाहत होता. कुरुंदवाडची आत्या धापा टाकत आली. सगळ्यात शेवटी टॉवेलने तोंड पुसत आबा आले आणि माझ्या शेजारी टेकले. मी जराही हलले नाही. हलले तर जातील असं वाटत होतं.

जागी झाले ती इराच्या हाकेने. गर्दीतून आई येत होती, घाबरीघुबरी, इकडेतिकडे शोधत. मग तिला मी दिसले आणि तिचा चेहरा सैल झाला. "काय गर्दी गं! वाटच चुकलो," ती बसत म्हणाली. "मग लांबनं त्यो लाल तुकडा दिसला. तवा जिवात जीव आला."

तोवर उतारावर पाय ठेवायला जागा नव्हती. आईने ते म्हातारे गृहस्थ हाक मारून आणले, एक बाई दोन पोरांसकट आणली, आणि सगळ्यांना भडंग वाटलं. कोण जिंकलं ते मी सांगू शकणार नाही. लोक लोंढ्याने बाहेर पडायला लागले, आणि आम्ही बसून राहिलो. शेवटची मोटार सावकाश आली. आई आणि इराने टाळ्या वाजवल्या. ते म्हातारेही वाजवू लागले.

वाकळीची दोन टोकं आईने धरली, दोन मी. झटकता झटकता ती म्हणाली, "वैशे, मी जातो बाई माघारी."

मला रडू आलं आणि रागही आला. "तिकडे कोण आहे आता तुझं? सगळी उठून गेलीत."

"व्हय की," आई शांतपणे म्हणाली. "म्हणूनशान तर. समदीच उठली तर जागा जाती. कुणीतरी बसाय नगं?"

मी टोक हातात धरून उभी राहिले. नुकतीच मी तिथे बसून उठले होते, म्हणून मला वाद घालता आला नाही.

विमानतळावर तिने वाकळ माझ्याकडे दिली. "ही ऱ्हाऊ दे हितं. तुझ्याकडंबी कोणतरी येतंय की." मी तिच्या हातातल्या पिशवीत आबांचा टॉवेल ठेवला. तिने तो बघितला, पिशवीची चेन लावली, आणि इराचा मुका घेऊन आत गेली. दादाने कुलूप परत केलं म्हणे दुकानदाराला.

परवा फोन केला. मागे चिमण्यांचा आवाज येत होता, वडगावात सकाळ होत होती.

"काय करतेस आई?"

"काय करणार? ओसरीवर बसलोय की. शेजारी टावेल टाकलाय."

"बस," मी म्हणाले. "येतोय आम्ही."