अक्षतांच्या वेळचा फोन
तापलेल्या केबलचा उग्र वास आला की मला सांगोल्याकडच्या एका वाडीची विहीर आठवते. मी मोटरदुरुस्तीच्या नोकरीला नवीनच होते आणि सोलापुरातून मला एकटीलाच तिथं पाठवलं होतं. वाडीला पाणी देणारी मोटर सुरू केली, की तिचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह ‘ओव्हरकरंट’, म्हणजे जादा वीजप्रवाह, दाखवून लगेच बंद पडायचा. टँकर आला नव्हता. “व्हईल का गं सुरू, पोरी? मेंढरं लई तानलेली हायती,” कोरड्या हौदापाशी बसलेली म्हातारी म्हणाली. मी आमच्या सरांना फोन लावला. ते पुतणीच्या लग्नात होते. मागे मंगलाष्टकं ऐकू येत होती. “सर, नंतर करते,” मी म्हटलं. त्यांनी मला अडवलं, “अक्षता टाकायला बाकीचे आहेत की! सारखं रीसेट करू नकोस, ड्राइव्ह जळेल. सप्लाय बंद कर, थोडं थांब, मग मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडव.” तसं करून नुसता ड्राइव्ह चालवला, तर तो बंद पडेना. “म्हणजे ड्राइव्ह चांगलाय. आता केबल आणि मोटर वेगवेगळी तपास.” मोटर ठीक निघाली, केबल मात्र विहिरीच्या काठावर दगडाखाली चेपून आतल्या तारा एकमेकींना टेकल्या होत्या, आणि तिथूनच तो उग्र वास येत होता. तेवढा तुकडा कापून मी जोड दिला, केबल परत ड्राइव्हला लावली आणि मोटर सुरू केली. हौदात पाणी पडलं, तसा फोन त्या धारेजवळ धरला. सर म्हणाले, “झकास! आता जेवायला जातो.” आज असे कितीतरी ड्राइव्ह मी एकटी सुरू करते, पण त्या लग्नातल्या अक्षतांच्या एकाही फोटोत सर नाहीत, हे मी विसरलेले नाही.