उत्तर कुठनं कुठपर्यंत?

मास्तरकीत दोन गोष्टी आपोआप साठत जातात. तपासायचे राहिलेले पेपर आणि किस्से. पेपर कधीतरी संपतात तरी! आता किस्से म्हटले की माणसाला हसू यायला पाहिजे, पण आमच्या शाळेतले सांगायला लागलो की माझं डोकंच तापतं. तरी ऐका.

*

दौंड तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी गणित-विज्ञान शिकवतो. पहिल्याच दिवशी आठवीला हवेचा दाब घेतला. ग्लास पाण्यानं काठोकाठ भरला, वर पुठ्ठा ठेवला, उलटा केला. थेंब सांडला नाही! मी टाळ्यांची वाट बघतोय, आणि पोरं पेन्सिली सरसावून बसलेली.

"सर, कुठनं कुठपर्यंत?"

"काय कुठनं?"

"खूण सर! उत्तर कुठनं कुठपर्यंत हाय?"

पुस्तकात उत्तराला पेन्सिलीनं कंस करायचा. कंसातलं पाठ करायचं, कंसाबाहेरचं वाचायचंसुद्धा नाही. झालं शिक्षण! माझा ग्लास कंसाबाहेर होता.

*

मग चाचणी झाली. पेपर तपासले माझ्याआधी विज्ञान शिकवणाऱ्या जगदाळे सरांनी, वीस वर्षांचा अनुभव. एका उत्तराच्या शेवटी जवळजवळ सगळ्या वर्गानं लिहिलं होतं, 'आकृती पाहा.' आकृती मात्र एकानंही काढली नव्हती. कंसच तिथं संपत होता ना! आणि सरांनी त्याला पूर्ण मार्क दिलेले.

"सर, कुठली आकृती पाहायची?" मी विचारलं.

"पुस्तकात आहे की!"

*

त्याच पेपरात एकीला एका प्रश्नात भोपळा मिळाला होता. सारिकाला. तिचे वडील कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जातात. थोडी शेती आणि उरलीसुरली मेंढरं आजोबा सांभाळतात. गाव त्यांना आबा म्हणतं.

प्रश्न बाष्पीभवनाचा होता. सारिकानं लिहिलं होतं, 'ओली घोंगडी सावलीत वाळायला उशीर लागतो. वारा असला की लवकर वाळते. पसरून टाकली की आणखी लवकर.'

मी पेपर घेऊन जगदाळे सरांकडे गेलो. "सर, हे बरोबर आहे की!"

"बरोबर आहे हो," सर शांतपणे म्हणाले, "पण पुस्तकातलं नाही."



*

पुढच्या वर्षी तीच पोरं नववीत आली. गुणोत्तर शिकवायला मी वर्ग मैदानात नेला आणि म्हटलं, झेंड्याच्या खांबावर न चढता त्याची उंची सांगा. सारिकानं आधी स्वतःची सावली मोजली, मग खांबाची. वहीत गुणोत्तर मांडलं आणि ओरडली, "सर, साडेअठरा फूट!" नुसती उड्या मारत होती पोरगी! बाकीच्यांनीही मग आपापल्या सावलीवरून ताळा केला.

तेवढ्यात मुख्याध्यापक बाहेर आले. "सिलॅबस किती झाला? पोरांना उन्हात का उभं केलंय? खांबाची उंची बोर्डाच्या पेपरात येत नाही!"

पोरं आत गेली. मीही त्यांच्या मागोमाग गेलो, याची चीड आजही आहे.

*

आमच्या शाळेच्या गेटवर बोर्ड आहे, 'दहावीचा निकाल १०० टक्के.' तो कसा लागतो, ते नववीच्या शेवटी कळलं. कच्च्या पोरांच्या घरी निरोप जातो, दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून द्या. ती पोरं नापास झाली तरी शाळेच्या निकालात दिसत नाहीत! त्या वर्षीच्या यादीत पहिलं नाव सारिकाचं. मी मुख्याध्यापकांशी भांडलो, विनवण्या केल्या. "तुम्ही नवीन आहात," एवढंच उत्तर मिळालं.

*

एप्रिलच्या शेवटी आबा सारिकाला घेऊन ऑफिसात आले. दाखल्याचा अर्ज टेबलावर तयार होता. मुख्याध्यापकांशेजारी जगदाळे सर बसलेले, मी दारात उभा होतो. सारिका खाली मान घालून होती.

"पोरीला काय येत न्हाई म्हनायचं?" आबांनी विचारलं.

"पाठ होत नाही काही," मुख्याध्यापक म्हणाले. "इथं सही करा, आबा."

आबांनी पेन उचललं, तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन वाजला. एक मेच्या झेंडावंदनासाठी खांबाची दोरी बदलायची होती. दौंडचा दुकानदार विचारत होता, किती फूट देऊ?

मुख्याध्यापकांनी फोनवर हात ठेवला. "जगदाळे, खांब किती उंच आहे आपला?"

जगदाळे सरांनी खिडकीतून खांबाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी सारिकाकडे बघितलं.

"साडेअठरा फूट, सर," सारिका हळूच म्हणाली. "दोरी वर जाऊन परत खाली येती, म्हंजी सदतीस. गाठींचं धरून चाळीस सांगा."

"चाळीस फूट द्या," मुख्याध्यापक फोनवर म्हणाले आणि फोन ठेवून अर्ज पुन्हा आबांपुढे सरकवला.

आबांनी पेनाला टोपण लावलं, पेन अर्जावर ठेवलं आणि उठले.

"चल गं सारिके. सर, दोरी कमी पडली तर बोलवा. तवा येऊन सही करतो."