चार बोटं वर

इथल्या, आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतले आमचे शेजारी कुठलंही काम हातात घेण्याआधीच "खलास!" म्हणून मोकळे होतात. मग ते काम आठवडाभर चालतं. परवा कॅनडातल्या लेकीकडून येताना त्यांनी तिच्या स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाडीची, पुढची प्लास्टिकची काच चादरीत गुंडाळून आणली. लेकीला ती बुटकी हवी होती, आणि घरच्या वस्तूला परक्याने करवत लावलेली यांना खपत नाही.

ऐन ऑगस्टात, गच्चीवर घामाने निथळत त्यांनी काच दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली, लेकीने सांगितलेल्या जागी चिकटपट्टी लावली आणि व्हिडिओ कॉल लावून फोन मला धरायला दिला.

"बाबा, एक्झॅक्टली टेपवर हां! वर नको," लेकीने बजावलं.

"खलास!" म्हणत त्यांनी फोन बंद केला. मग पट्टी हळूच सोलली आणि चार बोटं वर लावली.

"अहो, चिडेल ना ती!"

"चिडू दे. तिकडे वारा थेट तोंडावर येतो हो," ते म्हणाले, आणि नाकाच्या शेंड्यावरचा घाम बाहीने पुसून त्यांनी करवत उचलली.