कंसातलं मशीनचं

गेमच्या फायलीतले शब्द तपासताना चूक मी केली आणि नाव शेजारी बसून तेच काम करणाऱ्या ताईंचं सांगितलं.

त्या पडेगावहून येत. पाण्याचा टँकर यायच्या दिवशी उशीर झाला, तर कुणी विचारायच्या आत कारण सांगत, मान खाली न घालता. गेममधल्या पात्रांचे संवाद पुटपुटत वाचत आणि मधल्या कंसांतल्या खुणा बोटानं झाकत. मला बजावत, “कंसातलं मशीनचं हाय, सर. त्याला हात लावायचा नाय.”

मी घाईत एका फटक्यात सगळीकडचे शब्द बदलले. कंसांतलेही बदलले गेले आणि गेममधला विहिरीचा टप्पा उघडेना. मालकांनी त्यांना सांगितलं, माफीनामा लिहा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

“मी केलंच नाय, तर लिहू कशाला?” त्या म्हणाल्या. खुर्ची आणि लॅपटॉप उचलून त्या मालकांच्या केबिनच्या बंद दारासमोर बसल्या आणि संवाद वाचू लागल्या, नेहमीपेक्षा मोठ्यानं.

दुपारपर्यंत मला ते ऐकवेनासं झालं. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, “ताई, चूक माझी होती. माफ करा.”

त्यांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. “मला ठावं हाय. आत सांगा.”

मी दार उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तेच पुन्हा म्हणालो.