साल सुटलेला घुमट

मेतोदी ग्युरोवला आमच्या कारखान्यात सगळे दादा म्हणत. प्लोव्दिव शहराजवळच्या त्या शेडमध्ये हवाई दलाची मिग विमानं दुरुस्तीला येत. वैमानिकाच्या समोर, नाकाडावर एक काचेचा घुमट असतो. त्याच्या आत दुसऱ्या विमानाची उष्णता पाहणारा डोळा. वाळूने, पाखरांनी घुमटावर ओरखडे पडले की डोळा अधू होतो. दादा ते ओरखडे घासून काढी, स्पिरिटने काच धुई आणि शेडमधल्या सेवदा नावाच्या बाईकडे देई. सेवदा ती काच हवा काढून घेतलेल्या भांड्यात ठेवून तिच्यावर पातळ लेप चढवी. लेप नसेल तर उष्णता आत नीट शिरत नाही, आणि काच अगदी निर्मळ नसेल तर लेप धरत नाही.

स्पिरिटचा कॅन दादाच्या ताब्यात होता, आणि गोंधळ तिथूनच झाला. आमच्याकडे ज्याचा नामदिन, म्हणजे ज्याच्या नावाच्या संताचा सण, त्याने पाजायचं. बोलावणं लागत नाही, लोक येतातच. मे महिन्यात मेतोदीचा दिवस. घरून आणलेली राकिया, म्हणजे द्राक्षांची गाळीव दारू, तासाभरात संपली, मग कॅन उघडला गेला. स्पिरिट, पाणी, चेरीचं सरबत. प्यायला सगळे होते, शेडचे मुख्य इंजिनियर द्रागनेवसाहेबही. वर ते दादाला म्हणाले, "तुमची राकिया त्या स्पिरिटपेक्षा चोख हो. विमानालाच पाजा की."

सगळे हसले. दादा हसला नाही. त्याला आपल्या द्राक्षांचा भारी अभिमान. दुसऱ्या दिवशी अर्धा रिकामा कॅन पाहून त्याला घाम फुटला, कारण नवं स्पिरिट मिळायला अवकाश होता आणि मागायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तो गावच्या भट्टीवर गेला, घरची राकिया पुन्हा गाळली आणि कॅन भरून टाकला. शहाणा माणूस बुद्धी गहाण टाकतो तो असा.

उन्हाळ्यात हवाई तळावरून दोन घुमट परत आले. लेपाची साल सुटत होती, कांद्याचा पापुद्रा सुटावा तशी. चौकशी बसली, अध्यक्ष द्रागनेवसाहेब. भांडं नीट साफ केलं नसेल, असं त्यांचं म्हणणं. सेवदा म्हणाली, भांडं स्वच्छ होतं, काम नेहमीसारखंच केलं. दादा समोरच बसला होता. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. कॅनचं नाव कोणी काढलं नाही. ज्यांनी काढायचं त्यांनीच पेले रिकामे केले होते. खापर सेवदावर फुटलं, तसा कागद करून तिची सही घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. तिला लेपाच्या कामावरून काढून धुलाईघरात टाकलं, कामगारांचे तेलकट डगले धुवायला. एवढ्या नाजूक हातांची बाई.

दादाचं जेवण तुटलं. डबा तसाच घरी परत नेई. आरशात बघायची लाज वाटते, म्हणून त्याने दाढी करायचं सोडलं. शेवटी एका दुपारी तो धुलाईघरात गेला आणि सेवदाला सगळं सांगून मोकळा झाला. तिथे काय झालं ते त्यानेच मला रडत सांगितलं.

सेवदा डगला पिळत होती, ती थांबली नाही.

"काच हातात घेतली तेव्हाच मला राकियाचा वास आला होता, दादा. वाटलं, नामदिनाची अजून उतरली नसेल, तुमच्या तोंडाचा असेल. साल सुटली तेव्हा कळलं."

"मग चौकशीत बोलली का नाहीस?"

"तुम्ही समोर होतात ना. म्हटलं, दादा आहेत, आता बोलतील."

दादा म्हणाला, आत्ताच्या आत्ता साहेबांकडे जातो.

"जा," सेवदा म्हणाली. "पण मी तुमच्याकडे बघत होते, दादा. पार सही करेपर्यंत बघत होते."