कमेंटमधले सर

तिनं चूक केली याचा मला राग नव्हता. त्या चुकीवर लोकांनी मोबाइलवरून शेकड्यानं लाल बदाम पाठवले, त्याचा होता.

आम्ही दोघी सोलापुरात ग्रंथालय आणि माहितीशास्त्र शिकत होतो. बी.लिब. एकाच बाकावर बसून केलं, एम.लिब.लाही तोच बाक. मी त्या बाकावरची हुशार. खोटं कशाला सांगू, होतेच. ग्रंथालयात प्रत्येक विषयाला एक आकडा असतो. तो पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायचा आणि त्या क्रमानं पुस्तकं कपाटात लावायची. हा आकडा काढणं म्हणजे वर्गीकरण, आणि वर्गीकरणात माझा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. पाककृतींच्या पुस्तकाला बाकीच्या ६४१.५ देऊन मोकळ्या व्हायच्या. मी पुढं जायचे. पाककृती कुठल्या देशातल्या, त्यात कुठल्या राज्यातल्या, हेसुद्धा आकड्यात आणायचे आणि ६४१.५९५४७९२ लिहिल्यावरच पेन खाली ठेवायचे. आमचे शिक्षक म्हणायचे, बाई, पुस्तकाची पाठ केवढी आणि तुझा आकडा केवढा. वर्ग हसायचा. मला ते कौतुकच वाटायचं.

ती बाकावरची दुसरी. शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली, घरी तेलुगू. वडील मागावर जायचे, पण नजर गेल्यापासून घरीच होते, आणि आई विड्या वळायची. तिला आकडे जमायचे नाहीत. परीक्षा जवळ आली की माझ्या घरी यायची, आमच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, हातची कडक भाकरी नि शेंगाचटणी खायची, मी शिकवलेलं डोक्यात भरून जायची आणि पास व्हायची. तोवर माझा तिच्यावर लई जीव होता. आपल्यापेक्षा कमी असणाऱ्यावर जीव लावायला काय जातं?

मग समाजमाध्यमांचा पेपर आला. वाचक वाचनालयात येत नसेल तर तो जिथं असतो तिथं, म्हणजे मोबाइलवर, आपण जायचं, असं त्या पेपरचं म्हणणं. शिक्षकांनी जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला एक वाचनालय दिलं. आम्हाला सात रस्त्याजवळचं एक जुनं सार्वजनिक वाचनालय मिळालं. सकाळी पेपर चाळणारे आजोबा, दुपारी स्पर्धा परीक्षेची पोरं, संध्याकाळी पंख्याखाली डुलक्या घेणारे. त्या वाचनालयाचं इन्स्टाग्रामवर पान काढायचं आणि सत्रभर चालवायचं. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, असलं कॅमेऱ्यापुढं बोलणं-बिलणं मला जमणार नाही, मी आतलं काम बघते, नव्या पुस्तकांना आकडे देते, जुन्यांचे तपासते. ती म्हणाली, बरं, मी बाहेरचं बघते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात महाग पडलेली वाटणी ती हीच.

कारण ही बया कॅमेऱ्यापुढं उभी राहिली आणि बोलायला लागली. मराठीत सुरू करायची, मधेच तेलुगूत जायची, भाजीवाल्या चाचीशी बोलावं तसं दख्खनी उर्दूत दोन वाक्यं टाकायची, आणि अक्कलकोटकडच्या लोकांसाठी चक्क कानडी. ती कानडी माझ्या घरची. आम्ही घरात कानडीच बोलतो, पण मी ती उंबऱ्याबाहेर काढत नव्हते, उगाच कोणी गावंढळ म्हणायला नको. हिनं अव्वाच्या तोंडचं "बर्री, कूड्री" जसंच्या तसं उचललं, या, बसा, म्हणून सगळ्या जिल्ह्याला वाचनालयात बोलावलं, आणि लोक खुळ्यासारखे बदाम पाठवायला लागले. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच की.

लोक नुसते बदाम पाठवून थांबले असते तरी मी सोसलं असतं. ते यायला लागले. शहराबाहेर कुंभारी गावच्या घरकुलातल्या विडी वळणाऱ्या बायका सुट्टी बघून रिक्षा करून आल्या. आत पाय टाकला की विचारायच्या, त्या मोबाइलवरच्या ताई कुटं हायत? मी समोरच टेबलाशी बसलेली असायचे. त्यांना हवं ते पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर, सगळं मला पाठ. उठून काढून द्यायचे. पुस्तक हातात पडलं की त्या तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहायच्या आणि फोटो काढायला मोबाइल माझ्या हातात द्यायच्या. ताई, आमी सगळ्या आलो पायजे बरं का, म्हणायच्या. मी सगळ्यांना चौकटीत बसवून फोटो काढायचे.

अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. घरी येऊन अव्वापुढं भडभडून बोलले, तर ती म्हणाली, मग तू पण बोलायचं होतंस, तुझ्या तोंडाला कुणी कुलूप घातलं होतं का. आईनं असं बोलू नये.

मी इन्स्टाग्रामवर नव्हते, आणि नसल्याचा वर्गात टेंभा मिरवत होते. पण तिच्या रीलखाली लोक काय लिहितात ते बघितल्याशिवाय मला घास गिळेना. शेवटी एक खोटं खातं काढलं. पुरुषाचं नाव घेतलं. फोटोच्या जागी उघड्या पुस्तकावर ठेवलेला बाबांचा चष्मा, आणि ओळखीत एकच शब्द, निवृत्त. निवृत्त माणसाला कोणी फारसं काही विचारत नाही.

नुसतं बघायचं ठरवलं होतं. पण तिनं हातमागावरच्या एका पुस्तकाची रील टाकली. रीलसाठी घेतलेल्या पुस्तकांना चिठ्ठ्या ती घाईत स्वतःच लावायची, मला न विचारता. पुस्तक छातीशी धरून ती आपल्या आजोबांच्या मागाबद्दल सांगत होती, लोक खाली रडत होते, आणि मला दिसत होती फक्त पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी. ६७७. म्हणजे गिरण्या आणि कापडाच्या कारखान्यांच्या शेजारी! हातानं विणायची कला ७४६.१४ मध्ये जाते, हे बी.लिब. झालेल्या पोरीला कळू नये? मी लिहिलं, "बाईंनी पुस्तकाबद्दल बोलण्याआधी ते कुठं ठेवायचं एवढं शिकून घ्यावं. ७४६.१४." पाठवलं आणि जिवाला गार वाटलं.

तिनं खाली उत्तर दिलं, धन्यवाद सर, उद्याच बदलते. आणि दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन माझ्याच टेबलाशी आली. हे सातशे सेहेचाळीस का गं, म्हणाली. मी तोंडावरची माशीसुद्धा हलू न देता समजावून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, जुनी चिठ्ठी खरवडली आणि नवी लावली.

मग मला चटकच लागली. तिची रील आली की सर हजर. प्रस्तावना वाचून पुस्तक कळत नसतं, बाई. आवाज गोड आहे, कपाट मात्र चुकीचं आहे. पाककृतींच्या पुस्तकावर तर सरांनी कहरच केला. "६४१.५ एवढ्यावर थांबलात? ६४१.५९५४७९२. अर्धवट ज्ञानाची भाकरी कच्चीच राहते." ह्या कमेंटला इतके बदाम आले की मी दोनदा मोजले. लोकांना भांडण आवडतं. काही जण तर आज सर काय म्हणाले तेवढंच बघायला यायचे. आता मजा बघा. हेच आकडे मी टेबलाशी बसून तोंडानं सांगत होते तेव्हा कोणी मान वर करत नव्हतं. चष्म्याच्या फोटोनं सांगितलं की लोक वा सर, वा सर. म्हणजे मला आता तिचाही हेवा आणि सरांचाही.

अशात वाचनालयातले सहायक ग्रंथपाल सोडून जाणार असं कळलं. आमच्या दोघींतल्या एकीला ठेवून घ्यायचा कार्यकारिणीचा विचार होता. माझ्या बाबांचं किराणा दुकान आहे, आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, परीक्षा झाली की आकडेबिकडे पुरे, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर गल्ल्यावर बसायचं. ही जागा मिळाली तरच मी पुस्तकांत राहणार होते. जागा हिला जाणार या भीतीनं माझं जेवण सुटलं. रात्रंदिवस एकच, ही नको, ही नको.

आम्हाला दोघींना एकत्रच आत बोलावलं. अध्यक्ष म्हणजे वकिली सोडलेले एक वयस्क गृहस्थ. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, तोंडभरून कौतुक केलं, आणि मग खिशातून मोबाइल काढला. दोघी गुणी आहात, म्हणाले, पण ठरवण्याआधी आम्हाला या गृहस्थांना एकदा भेटायचं आहे. आणि त्यांनी सरांच्या कमेंटी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकेक वाक्य चवीनं वाचत होते. कार्यवाह मान डोलवत होते. माणूस खडूस आहे पण पक्का आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. शिवाय निवृत्त, म्हणजे घरचं सगळं भागलेलं, मानधनावर खुशीनं येईल. तुमच्याच पानावर येतात, म्हणाले, आणि त्यांना शोधून काढायचं कामही आम्हाला दोघींनाच दिलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी तिला हरवायला निघाले होते आणि जिंकत होता एक चष्मा. त्याच्याकडं जे होतं ते सगळं माझं होतं, अक्कल माझी, आकडे माझे, आणि खुर्ची त्याला. ते सर मीच, एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण अर्धवट ज्ञानाची भाकरी आत्ताच वाचून झाली होती आणि जिला उद्देशून ती लिहिली ती माझ्या कोपराला कोपर लावून बसली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. मी टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले.

तेवढ्यात तीच बोलली. "साहेब, ते सर म्हणजे हीच आहे."

अध्यक्षांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी मान पुढं केली.

"एवढा लांब आकडा आमच्या वर्गात एकटी हीच काढते," ती म्हणाली. "सोलापुरात दुसरं कोणी काढत असेल असं मला वाटत नाही."

आणि सगळे हसले. त्यांना वाटलं, पानाकडं लोक वळावेत म्हणून आम्ही दोघींनी मिळून ही युक्ती केली. एकीनं चुकायचं, एकीनं झापायचं. कार्यवाह म्हणाले, काय डोकं लावलंय पोरींनी. तिनं ते तसंच राहू दिलं. हसली सुद्धा. अध्यक्ष मला म्हणाले, मग आता शोधायचं काय उरलं, सर तर समोरच बसलेत. चहा मागवला. जागा माझी झाली.

जिन्यावरून उतरताना मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला होता. खाली आल्यावर मी तिला गाठून विचारलं, कधीपासून माहीत होतं? पाककृतींच्या पुस्तकापासून, म्हणाली. शंका आधीच होती. मग गप्प का बसलीस, मला तोंडावर का नाही विचारलंस? तिनं खांदे उडवले. म्हणाली, तू शिकवताना कंटाळतेस, उपकार केल्यासारखी करतेस. सर रोज एक आकडा शिकवत होते, जरा शिव्या घालून का होईना. मला ते परवडलं.

मी म्हटलं, आणि आत्ता आत का बोललीस?

सात रस्त्याची वाहनं एकमेकांत घुसत होती, हॉर्न वाजत होते. तिनं ओढणी डोक्याला गुंडाळली, ऊन फार होतं.

"जागा मला पण हवी होती गं," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा मला जास्त गरज होती. पण तुझं तोंड बघवेना."

आणि रिक्षात बसून गेली.

आता मी त्या टेबलाशी पगारावर बसते. कपाटं माझी, चिठ्ठ्या माझ्या, आकडा पाठीवर मावेल तेवढाच लिहिते. ती एका साडीच्या दुकानाच्या रील करते. वाचनालयाचं पान तिनं पासवर्डसकट माझ्या हवाली केलं, आणि त्यावर मी कधी काही टाकलंच तर आजोबा मंडळी खाली वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकतात, बस्स. साड्यांच्या रीलला बदामांचा पाऊस पडतो. मी बघते, शेवटपर्यंत बघते, आणि जळते. पण आता बदामांवरून नाही.

त्या दिवशी आत उलटं घडलं असतं, कमेंटी तिच्या असत्या आणि तोंड उघडायची पाळी माझ्यावर आली असती, तर मी काचेकडं बघत गप्पच बसले असते. हे मला पक्कं माहीत आहे. तिलाही माहीत होतं, आणि तरी ती बोलली.